मध्यरात्रीची घंटा
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मला प्रवासावर बोलण्यास सांगितले आहे. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून तंजावर जिल्ह्यातील एका रात्रीविषयीच बोलतो.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आसने काढून आत झोपण्याची दोन बाके, शेगडी, पाण्याची टाकी आणि हातभर मोरी करून घेतली. या फिरत्या घराचे नियम दोनच होते. महामार्ग शक्य तितका टाळायचा आणि मुक्कामाचे पैसे मोजायचे नाहीत. दुसऱ्या नियमाचा मला विशेष अभिमान होता. नदीकाठ कुणाच्या मालकीचा नसतो, असे मी मित्रांना ऐकवीत असे. आपल्या शाळेची सहल परगावच्या शाळेत फुकट उतरत असे, हा माझा आवडता दाखला. बाके भिंतीला लावून आपण सतरंज्यांवर झोपत होतो. सकाळी सर ते वर्ग आपल्याकडून झाडून घेत, एवढा भाग मी दाखल्यातून सोयीस्करपणे गाळीत असे.

श्रीरंगपट्टणापासून आम्ही कावेरीचा हात धरला. कल्लणै येथे, चोळ राजा करिकालाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांधल्याचे सांगतात त्या बांधापाशी, नदीच्या वाटण्या होतात. कावेरी एकीकडे, वेण्णारु दुसरीकडे. शिवाय कोळ्ळिडम आणि १९३४ चा मोठा कालवा. तेथून पुढे तंजावरचा सारा प्रदेश म्हणजे पाण्याने विणलेले सूप. रस्ते बांधांवरून जातात आणि इतके अरुंद, की समोरून बैलगाडी आली तर कुणी मागे जायचे हे सौजन्याने ठरते. बहुतेक वेळा गाडीवानच सौजन्य दाखवी. आमच्या वाहनाचा आकार पाहता त्याला दुसरा इलाज नसे.

जूनचा मध्य होता. वेण्णारु कोरडी, पांढऱ्या वाळूची. एका गावाबाहेर उतार पाहून मी गाडी सरळ पात्रात घातली. वारा होता, डास नव्हते, वर आकाशभर तारे. जेवलो, भांडी घासली आणि निर्धास्त झोपलो.

मध्यरात्रीच्या सुमारास गाडीच्या पत्र्यावर काठीचे तडाखे बसू लागले. चोर आले असे समजून मी दिवा मालवला. बाहेरून एका बाईंचा आवाज येत होता, तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा: ‘तण्णी वरुदु, तण्णी वरुदु.’ तमिळ आम्हांला येत नव्हते. शेवटी त्यांनी विजेरीचा झोत वरच्या अंगाला टाकला. वाळूवरून एक काळी ओली जीभ हळूहळू पुढे सरकत होती. मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडतात, मग काही दिवसांत कल्लणैचे, हे शाळेतल्या भूगोलाच्या तासाला मी शिकलो असेन किंवा नसेनही. चाके वाळूत फिरू लागली. बाईंनी घरातली दोन मुले उठवून आणली, फळ्या घातल्या आणि गाडी काठावर चढली. सकाळी आमच्या मुक्कामाच्या जागी गुडघाभर पाणी होते.

गाडी वर आल्यावर बाईंनी माझ्या पत्नीला पहिला प्रश्न विचारला, ‘साप्टींगळा?’ म्हणजे, जेवलात का?

या प्रश्नाचे मोल मला तीन दिवसांनी कळले. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाताना ओरत्तनाडु लागते. येथे सरफोजीराजांनी १८०२ च्या सुमारास मुक्तांबाळ छत्र उभारले. तमिळमध्ये चत्तिरम, आपल्या अन्नछत्रातले छत्र तेच. रामेश्वराच्या वाटेवर भोसले राजांनी अशी अनेक छत्रे बांधली आणि त्यांच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले. दर्शनी भागाची घडण रथासारखी आहे, म्हणजे दगडाचे फिरते घर. पुढे त्या आवारात शाळाही भरली.

१७९९ च्या तहाने सरफोजींचे राज्य कंपनीकडे गेले. किल्ला आणि भोवतालची थोडी भूमी उरली. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांस लिहिलेल्या पत्रात या छत्रांना धक्का लागू नये म्हणून कळकळीने मांडणी केली आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, कोणाही वाटसरूला अन्न मिळते; शिजवलेले न खाणाऱ्यास शिधा मिळतो; आजाऱ्यास वैद्य आहे. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होतो की, अजून कुणी उपाशी राहिले असेल तर यावे. पुढे १८२० मध्ये हाच राजा सुमारे तीन हजार माणसांसह काशीयात्रेस निघाला. गावोगावचे मुक्काम म्हणजे काय, हे त्याला पालखीतूनही दिसले असणार.

राज्य गेलेला माणूस घंटेसाठी पत्र लिहितो, याचा मी ओरत्तनाडूच्या पायरीवर बसून बराच वेळ विचार केला. ‘फुकट’ हा शब्द त्यानंतर मला पूर्वीइतका सहज उच्चारता आलेला नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या रात्रीनंतरच्या सकाळी गावातल्या बायका नव्या पाण्याच्या स्वागताला काठावर आल्या. त्यांनी फुले आणि भाताचे दाणे पाण्यात सोडले. आम्हांला उठवणाऱ्या बाई पुढे झाल्या, त्यांनी ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि थोडे पाणी माझ्या पत्नीच्या हातावर दिले. आदल्या रात्री भांडी घासून मोरीचे साबणाचे पाणी मी त्याच वाळूत, त्यांच्या पायऱ्यांच्या वरच्या अंगाला, ओतले होते. सकाळी टाकीचा नळ उघडून वाळू धुऊन काढावी म्हटले, तर वाळूच राहिली नव्हती. भाषेची अडचण होती, हे खरे. पण हातवाऱ्यांनीही मी त्यांना ते सांगितले नाही. माझ्या पत्नीला ठाऊक होते. तिने ओंजळ तशीच धरून माझ्याकडे पाहिले आणि मग ते पाणी डोळ्यांना लावले.