माशाचाही सोमवार

बचत गटाच्या बायका आणि विषय माशाचा, म्हणून हसू नका. आमच्या गटाची मासिक बैठक ज्या ताईंकडे भरते, त्यांच्या घरी टीव्हीशेजारी काचेच्या बरणीत एक निळा फायटर मासा होता. त्यालाच बेट्टा म्हणतात. ताईंच्या चौथीतल्या मुलानं खाऊचे पैसे साठवून तो आणला होता. दीड महिन्यात तो मेला. पोट टम्म फुगलेलं, पाणी गढूळ आणि वास मारणारं. मुलगा रडत एवढंच म्हणाला, "मी तर त्याला रोज खायला देत होतो!"

आम्ही घरात विचारलं, तेव्हा उलगडा झाला. सकाळी आजी पोळीचा चुरा टाकायच्या. शाळेत जाताना मुलगा चिमूटभर दाणे टाकायचा. दुपारी मासा काचेशी आला की ताई टाकायच्या आणि रात्री बाबा. चौघंही प्रेमानं देत होते, पण कुणी कुणाला सांगत नव्हतं. वहीत नोंद न करता चौघींनी हप्ते गोळा केले, तर गटाच्या हिशोबाचं जे होईल तेच त्या माशाचं झालं.

मुलाला दुसरा मासा हवा होता. आम्ही म्हटलं, आधी माहिती, मग मासा. ती माहिती आज तुम्हालाही सांगतो.

हा मासा मूळचा थायलंड, कंबोडिया भागातला. तिथल्या भातखाचरांत, उथळ संथ पाण्यात तो राहतो. त्याचं तोंड जरा वर वळलेलं असतं, कारण तो पाण्यावर पडलेले किडे, डासांच्या अळ्या आणि पाण्यातले बारीक जीव खातो. म्हणजे हा पक्का मांसाहारी. पोळी, भात, बिस्किट हे त्याचं अन्नच नाही. वर झाड लावलेल्या बरणीत मुळं खाऊन तो जगतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

रोजच्या जेवणाला फायटरसाठी मिळणारे बारीक दाणे घ्यावेत. पाकिटावर घटकांची यादी असते. तिच्यात आधी मासे, कोळंबी किंवा किडे यांचं नाव हवं. गव्हाचं पीठ पहिलं असेल तर ते पाकीट ठेवून द्या. पाकीट लहानच घ्या आणि घट्ट बंद, कोरड्या जागी ठेवा.

किती द्यायचं? सकाळी दोन-तीन दाणे, संध्याकाळी दोन-तीन. दोन मिनिटांत संपेल इतकंच. त्याचं पोट अगदी इवलंसं असतं. आणि तो काचेशी आला म्हणजे भुकेलाच आहे असं नाही. माणूस दिसलं की खाऊ मिळतो, हे त्याला कळलेलं असतं. उरलेलं अन्न ड्रॉपरनं किंवा जाळीनं लगेच काढा. ते कुजलं की पाण्यात अमोनिया तयार होतो आणि मासा त्यातच राहत असतो.

आता चवबदल. रोज एकच भाजी आपल्यालाही चालत नाही. आठवड्यातून दोनदा दाण्यांऐवजी गोठवलेले ब्लडवर्म, आर्टेमिया किंवा डॅफ्निया, म्हणजे पाणपिसवा, द्याव्यात. आधी वाटीभर पाण्यात त्यांचा बर्फ वितळू द्यावा. सुकवलेलं खाद्य असेल तर थोडा वेळ भिजवून द्यावं, नाहीतर ते पोटात फुगतं. ब्लडवर्म जड असतात, म्हणून थोडेच. पाणपिसवांनी पोट साफ राहायला मदत होते.

डासांच्या अळ्या त्याला आवडतात, पण त्यासाठी घरात पाणी साठवू नका. आशाताई आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, तो डेंग्यू टाळण्यासाठीच. नाल्यातल्या अळ्या किंवा औषध टाकलेल्या पाण्यातल्या अळ्याही नकोत.

आणखी एक. आठवड्यातून एक दिवस माशाला उपास. हे ऐकून आजी खूश झाल्या. म्हणाल्या, "मग माझ्याबरोबर त्याचाही सोमवार!" पोळीचा चुरा थांबवायला आम्ही किती समजावलं असतं, पण सोमवारानं ते काम एका दिवसात केलं.

नवा मासा बरणीत ठेवला नाही. झाकणाची वीस लिटरची टाकी घेतली. थंडीत पाणी गार पडलं की मासा कमी खातो, तेव्हा दाणे कमी करायचे आणि पाणी पंचवीस अंशांच्या आसपास राहील असं बघायचं. पोट थोडं फुगलेलं दिसलं तर एक-दोन दिवस खाणं थांबवायचं. खवले उभे राहिले तर मात्र तो आजार असतो. लगेच जाणकाराला दाखवायचं.

टाकीशेजारी आता एक छोटी वही लटकते. तारीख, वेळ, काय दिलं, कुणी दिलं. मुलगा स्वतः लिहितो. गेल्या बैठकीत त्यानं आमच्या हिशोबाच्या वहीशेजारी आपली वही आणून ठेवली आणि म्हणाला, "माझी बघा, एकही दिवस चुकला नाही." आठ महिने झाले, मासा मजेत आहे.

तुमच्या घरी मासा असेल, तर आज दाणे टाकण्याआधी एकदा मोठ्यानं विचारा, "आज याला कुणी दिलंय का?"