रेशीमकिडे पाळताना अंगाला खाज सुटते तेव्हा



तुतीची लागवड, पाल्याची प्रत, कोषांचा भाव या विषयांवर आपण नेहमीच बोलतो. ज्या हातांनी ही सगळी कामे होतात, त्या हातांबद्दल आज थोडे बोलू.

तुतीवरचा रेशीमकिडा हा पुरता पाळीव किडा आहे. माणसाने पाला घातल्याशिवाय तो जगत नाही. १०० अंडीपुंजांची एक बॅच घेतली तर चाळीस ते पन्नास हजार अळ्या होतात आणि सुमारे २५ दिवस त्यांची उठबस करावी लागते. हे काम बहुतेक घरांत बायाच करतात. दोन-तीन बॅचेस झाल्यावर एखादीच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, मनगटावर पुरळ येते. "उष्णता झाली असेल" असे म्हणून ती गप्प बसते. तसे करू नका. खाजेचे कारण लवकर सापडले, तर बहुतेक वेळा धंदा न सोडता त्रास आटोक्यात ठेवता येतो.

त्रासाचे दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे आग होणे. चुना आणि ब्लीचिंग पावडर ही तिखट द्रव्ये आहेत. ओल्या हाताला लागली की कोणाचीही कातडी सोलवटते आणि जिथे लागली तिथेच आग होते. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. ही सगळ्यांना होत नाही. चौघे एकच काम करतात, त्रास मात्र एकालाच होतो. शरीराला एखाद्या वस्तूचे वावडे जडले की पुढे ती वस्तू थोडीशी लागली तरी पुरे होते. काहींच्या अंगावर काही मिनिटांत गांधी उठतात. काहींना एक-दोन दिवसांनी लाल चट्टे येतात, त्यातून पाणी येते आणि पुढे इसबासारखी कातडी जाड होते.

आता हे वावडे कशाचे, ते बघा. तुतीच्या रेशीमअळीला सुरवंटासारखे खुपणारे केस नसतात. त्रास होतो तो तिची टाकलेली कात, विष्ठा आणि त्यांच्या धुळीचा. पिकलेली अळी कोष विणण्याआधी लघवी टाकते, तीही हाताला लागते. कोष विकायला उशीर झाला तर पतंग बाहेर पडतात आणि त्यांच्या पंखांची बारीक खवल्यांची धूळ घरभर उडते. शिवाय निर्जंतुकीकरणाला फॉर्मॅलिन वापरत असाल तर त्याचेही वावडे होऊ शकते.

म्हणून बॅचच्या वहीत एक रकाना वाढवा. खाज कोणत्या दिवशी, कोणते काम केल्यावर आणि किती वेळाने आली, ते लिहा. औषध मारल्याच्या दिवशी आली, बेड साफ करताना आली, की चंद्रिकेवर अळ्या सोडताना आली? तीन बॅचेसच्या नोंदी बघितल्या की कारण बहुधा समोर येते.

आता उपाय सांगतो.

१. निर्जंतुकीकरण करताना रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गमबूट वापरावेत. रबराचेच वावडे असेल तर प्लॅस्टिकचे मोजे घ्यावेत. आत पातळ सुती मोजे घातले की घामाने कातडी चिघळत नाही.

२. मोठ्या अळ्यांना फांदी पद्धतीने पाला द्यावा. बेड साफ करायला जाळी वापरावी. अळीला हात जितका कमी लागेल तितके बरे.

३. पाचव्या अवस्थेत अळ्या सर्वांत जास्त खातात, त्यामुळे विष्ठाही तेव्हाच जास्त साठते. ती काढताना झटकू नये. हळूच पोत्यात भरून लांबच्या खड्ड्यात टाकावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

४. काम संपल्यावर हात साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावेत, कोरडे करावेत आणि खोबरेल तेल लावावे. संगोपनगृहातले कपडे वेगळे ठेवावेत आणि वेगळे धुवावेत.

५. ज्याला त्रास आहे त्याला तुती कापणे, पाणी देणे, हिशेब ठेवणे ही कामे द्यावीत. घरात कामांची अदलाबदल करण्यात कसला कमीपणा?

काही गोष्टी मात्र टाळा. खाजेवर कडुलिंबाचे तेल किंवा पाल्याचा रस चोळून लगेच अळ्यांना हात लावू नका, कारण कडुलिंब अळ्यांना बाधतो. तंबाखू मळलेल्या हातानेही अळ्या मरतात. रॉकेल कातडीला लावूच नका. औषधाच्या दुकानातून मिळेल ती मलमाची ट्यूब महिनोन् महिने लावत राहू नका. त्यातल्या काही मलमांत स्टेरॉईड असते. खाज तात्पुरती थांबते, पण कातडी पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते पसरते. चट्टे आठ-दहा दिवसांत गेले नाहीत तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना ती वही आणि वापरलेल्या पावडरींची वेष्टने सोबत न्या. खाजेच्या काही गोळ्यांनी झोप येते. तशी गोळी घेतली असेल तर कडबाकुट्टी किंवा ट्रॅक्टर चालवू नका.

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. खाजेबरोबर सारख्या शिंका येऊ लागल्या, छातीत घरघर होऊ लागली, रात्री खोकल्याने झोपमोड होऊ लागली, तर त्रास कातडीपुरता राहिलेला नाही. असा माणूस धुळीत काम करत राहिला तर दमा जडू शकतो. त्याला संगोपनगृहातून बाहेर काढा आणि डॉक्टरांकडे न्या. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. बॅच पूर्ण व्हायची वाट पाहू नका.

अळ्यांनी पाला सोडला तर आपण त्याच दिवशी चौकशी करतो. घरातल्या माणसाच्या हाताला पुरळ आले तर तेवढ्याच तत्परतेने विचारपूस करा. एवढेच आजचे सांगणे.