शाळा शिकली, पण कागद वाचता येतो का?

(खेड, आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम भागातल्या गावांच्या बैठकीत संघटनेच्या वतीने केलेले भाषण. ज्यांना वाचता येते त्यांनी वस्तीत बसून बाकीच्यांना वाचून दाखवावे.)



आज आपण वनहक्काच्या दाव्यांवर बोलायला बसलोय. मग मध्येच शाळेचा विषय कशाला, असं काहीजणांनी विचारलं. कारण विषय एकच आहे. सामूहिक हक्काचा ठराव करायचा तर ग्रामसभेचे निम्मे तरी सदस्य हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. आपला कोरम भरत नाही. जाणती पोरं आहेत कुठं? महाळुंग्यात, खराबवाडीत, नाणेकरवाडीत, कुरुळीत. एका खोलीत सहा-सात जण, आणि पाळी बदलेल तशी झोप.

पोरं गेली म्हणून आम्ही त्यांना बोल लावत नाही. भात पावसावर. बाळहिरड्याचा पैसा वर्षातून एकदा. घरात मीठ-मिरचीला, दवाखान्याला रोख लागतो. तो कंपनीतून येतो. म्हणून 'कंपनी नको' असं ही संघटना म्हणणार नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे.

आईबापांचा एक हिशोब असतो. पोरगं आश्रमशाळेत दहावी-बारावी होईल, मग आयटीआय करील, मग कंपनीत लागेल, मग परमनंट होईल. हा हिशोब कुठून आला ते बघू. पिंपरीत १९५४ साली सरकारचा पेनिसिलिनचा कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, उभा राहिला. १९६२ साली एमआयडीसी झाली. त्याच दशकात टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. त्या काळात आयटीआय झालेला फिटर किंवा टर्नर एकदा गेटातून आत गेला की निवृत्त होऊनच बाहेर यायचा. तेव्हा तो हिशोब खरा होता.

पण पुढं काय झालं? २००७ साली बजाजने आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं. गाड्या दुसरीकडं बनू लागल्या. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात बंद पडला. पुरती बारा वर्षं. तिथली माणसं अडाणी नव्हती. शिकलेली होती, परमनंट होती, त्यांची युनियन होती, ती कोर्टकचेरीपर्यंत लढली. एवढी तयारी असलेल्यांवर ही वेळ आली. आपलं पोरगं तर परमनंटच्या दारापर्यंतही पोचलेलं नसतं. कंपनीला पाय असतात, ती उठून जाते. डोंगर जात नाही.

आज आपलं पोरगं कंपनीत शिरतं ते दोन दारांनी. एक शिकाऊ म्हणून, दुसरं ठेकेदाराकडून. शिकाऊंचा कायदा १९६१ चा आहे. त्यात शिकाऊ हा कामगार धरलेला नाही. त्याचं शिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. हे कोणत्या पोराला आधी माहीत होतं? ठेकेदाराकडं असला तर सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक', मग दुसरा ठेकेदार, काम तेच. पगार बुडवून ठेकेदार पळाला तर तो पगार मूळ कंपनीनं द्यायचा, हे १९७० च्या ठेका कामगार कायद्यापासून चालत आलंय. पण त्यासाठी पोराला सांगता यायला पाहिजे की ठेकेदाराचं नाव काय आणि मूळ कंपनी कोणती.

आम्ही पोरांना विचारलं, तुझ्या पगाराच्या स्लिपवर नाव कोणाचं? पीएफचा नंबर किती? बरेच जण गप्प बसले. एकजण म्हणाला, इंग्रजीत होतं, सही मागितली, केली. ही पोरं बारा बारा वर्षं शाळेत होती. कवितेचा सरळ अर्थ लिहिला, मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिला. पण पगाराची स्लिप एकदाही वर्गात आली नाही. सातबारा आला नाही. वनहक्काचा दावा आला नाही. शाळेनं पोराला गेटापर्यंत पोचवलं, आणि गेटावर जो कागद पुढं येतो तो वाचायला शिकवलं नाही.

आता दुसरा कागद. आपल्या उताराच्या जमिनीवर आज्या-पणज्यांनी पडकई केली. सगळ्या वाडीनं मिळून दगड रचले, माती भरली, खाचरं काढली. शाळेत याला कोणी विद्या म्हटलं नाही. पण वनहक्काच्या नियमात काय लिहिलंय? जमीन सपाट केलेली असणं, बांध घातलेले असणं हा पुरावा आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा आहे. म्हणजे पडकईचा बांध आणि म्हातारीचं बोलणं, दोन पुरावे घरातच आहेत. अडचण एवढीच, की कोणता बांध कोणी घातला हे म्हातारीला माहीत आहे पण लिहिता येत नाही. नातवाला लिहिता येतं पण माहीत नाही, आणि तो सेकंड शिफ्टला आहे. दावा फेटाळला तर कारण लेखी कळवावं लागतं आणि अपिलाला ६० दिवस असतात. ते पत्र फळीवर पडून राहतं, दिवस भरून जातात.

म्हणून काही जाणती माणसं म्हणतात, शाळा काढून टाका, पोरं घरी राहतील. आम्हाला ते मान्य नाही. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. त्यांना २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. बांबू विकायचा तर हिशोब ठेवावा लागतो, पावत्या फाडाव्या लागतात, बँकेत जावं लागतं. त्यांनी गावात अभ्यासगट बसवले, कायदा स्वतः वाचला. अक्षर आणि जंगल एकमेकांचे वैरी नाहीत. अक्षर आपल्या कामाला लावायचं आहे.

पोरींचंही तेच. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. तो वारसानं मिळतो, विकता येत नाही. ज्या पोरीचं नाव कागदावर येणार तिला तो कागद वाचता आलाच पाहिजे. दहावीनंतर तिला घरी बसवू नका.

उद्या कोणती कंपनी राहील, कोणतं मशीन येईल, हे आम्हाला सांगता येणार नाही. मास्तरलाही नाही, कंपनीच्या साहेबालाही नाही. काम गेलं तर माघारी यायला खाचर हवं, आणि काम आहे तोवर त्याचा मोबदला पुरता घेता यायला हवा. दोन्हीला कागद वाचता येणं लागतं. तेवढी तयारी आपण करू शकतो. म्हणून या बैठकीपुढं चार गोष्टी ठेवतो:

१) चाकणच्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. दाव्यांची ग्रामसभा गुरुवारी लावायची, म्हणजे पोरं येतील, कोरम भरेल.

२) प्रत्येक वाडीत अभ्यासगट. दोन म्हातारी माणसं, दोन शिकलेली पोरं-पोरी. आधी पडकईच्या बांधांची यादी, मग जबाब.

३) सुट्टीला येणाऱ्या प्रत्येकानं पगाराची स्लिप आणायची. ठेकेदाराचं आणि मूळ कंपनीचं नाव वहीत लिहायचं.

४) शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, म्हणजे आपणच. आठवीपासून सातबारा, दाव्याचा अर्ज आणि पगाराची स्लिप वर्गात वाचून घ्या, असा ठराव तिथं करायचा. आश्रमशाळांसाठी तीच मागणी घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाकडं लेखी द्यायची, आणि पोच घ्यायची.

आवणीच्या आधी हे व्हायला पाहिजे. एकदा पाऊस लागला की कोणाला सवड नाही. ज्या घरात फळीवर न वाचलेलं पत्र आहे, त्यांनी ते येत्या गुरुवारी घेऊन या.

जिंदाबाद!