पावसाळा सोडून केलेली पाहणी
(मिशन रविवारच्या उपासनेनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला विषय दिलाय ‘आदिवासी आणि पर्यावरण’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी तयारी नाही. मी एका फाइलबद्दल बोलते.

कर्जतच्या डोंगरपट्ट्यात आपण जातो त्या एका कातकरी वाडीच्या वर मोठा माळ आहे. तिथं बंगले, इमारती, क्लबहाऊस असं संकुल व्हायचं आहे. त्याचा पर्यावरणीय परिणामांचा अहवाल गेल्या जूनमध्ये आमच्या हाती आला. सगळा इंग्रजीत. वाडीतला एक मुलगा म्हणाला, “ताई, तुम्ही शिकलेल्या, वाचून सांगा.” माझं शिक्षण धर्मशास्त्राच्या पदविकेचं. हवेतल्या धुळीचे तक्ते मला कुठले कळायला! पण चार रात्री बसले, अडलं तिथं जाणकारांना विचारलं.

अहवाल खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पाणी तपासलंय, आवाज मोजलाय, दहा किलोमीटरच्या परिघातली गावं मोजलीत. माळाबद्दल मात्र एवढंच, की जमीन पडीक आहे, गवत विरळ आहे. वाडीबद्दल लिहिलंय की बरीच घरं बंद आढळली. पाहणीचे महिने मार्च ते मे.

हे मी ओसरीवर वाचून दाखवलं तेव्हा एक आजी हसायलाच लागली. “मार्चात आम्ही कुठं असतो इथं? भट्टीवर असतो.”

आपल्यापैकी जे वाडीवर आले आहेत त्यांना ठाऊक आहे. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. म्हणजे माणसं नसताना माणसांची पाहणी झाली आणि माळ सुकलेला असताना माळाची. यात सल्लागाराची लबाडी असेलच असं नाही. पावसाळा सोडून एका हंगामाची पाहणी चालते, अशीच पद्धत पडली आहे. (सल्लागाराची फी विकासक देतो, हेही जाता जाता सांगून ठेवते.)

आता पावसात तोच माळ बघा. पहिल्या सरींच्या आगेमागे शेवळं वर येतात, ती जेमतेम काही आठवडे मिळतात. बायका त्यांच्या जुड्या बांधून कर्जतच्या बाजारात बसतात. मग कुळूची भाजी, टाकळा, कुरडू. ओढ्याला पाणी आलं की वळगणीचे मासे चढतात, रात्री बत्ती घेऊन मुठे पकडायला पोरं निघतात. कडूकंद कुठं खणायचा ते आजीला पाठ आहे. भट्टीची उचल फिटलेली नसते, घरात दाणा नसतो, त्या दिवसांत वाडी या माळावर जगते. शिवाय माळात मुरलेलं पाणी खालच्या झऱ्याला येतं. वर काँक्रीट झालं तर झऱ्याचं काय, यावर अहवालात एक ओळ नाही. उतार कापल्यावर पावसात तो कसा वागेल, हेही उन्हाळ्यात कळत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिथं कोणी इमारत बांधत नव्हतं, तरी त्या रात्रीपासून आमच्या वाडीतली माणसं मोठा पाऊस लागला की झोपत नाहीत.

तुम्ही विचाराल, मग हे जनसुनावणीत सांगायचं. मीही तेच म्हणाले होते. पण २००६ च्या अधिसूचनेत इमारती आणि टाउनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. खाणीसाठी लोकांना विचारावं लागतं, वसाहतीसाठी नाही. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळं पेसा कायद्याचा आधारही नाही.

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकतो. त्यात ईजबेलनं राजाची मोहर लावून पत्रं धाडली, उपासाचा दिवस जाहीर केला, दोन साक्षीदार उभे केले. एकही कागद कमी नव्हता. या अहवालामागं ईजबेल आहे असं मला म्हणायचं नाही. पण कागद पुरे असले की आपण निश्चिंत होतो, ती सवय माझ्यातही आहे.

एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी मी आणि माझे यजमान अशाच एका डोंगरावरचा प्लॉट बघून आलो होतो. टोकन देणारच होतो. राहिलं ते पैसे जमले नाहीत म्हणून, तत्त्वासाठी नव्हे. प्लॉटच्या खाली कोणाची वाडी आहे, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

गेल्या पावसात वाडीतल्या बायकांनी आम्हाला माळ दाखवला. कोणत्या दिवशी काय मिळालं, घरात किती खाल्लं, बाजारात किती विकलं, याच्या दोन वह्या भरल्या. त्याच्या प्रती मराठी पत्रासोबत राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यमापन समितीकडं पाठवल्या. मागणी साधी आहे. पावसाळ्यात पाहणी करा, झरे मोजा, आणि माणसं घरी असताना त्यांना विचारा. पोच आली आहे, निर्णय नाही. लगतच्या वनजमिनीवर वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा भरायचं कामही अर्धं झालंय.

आज इथं बसलेल्यांपैकी कोणी डोंगरावर घर घेणार असेल, तर बिल्डरकडं पर्यावरण मंजुरीचं पत्र मागा, अटींसकट वाचा. पाहणी कोणत्या महिन्यांत झाली तेही विचारा.

वाडी सध्या भट्टीवर आहे, मेअखेरीस परतेल. पहिला पाऊस पडला की आम्ही पुन्हा जाणार आहोत. उताराचा नकाशा वाचता येणारा कोणी इंजिनिअर हवा आहे, आणि झऱ्याचं पाणी मोजायला दोन तरुण. गाडीत चार जागा आहेत. चहाच्या वेळी मी मागच्या दाराशी थांबते.