शस्त्रक्रियेनंतर रक्त काय सांगतें?

जठराचा कर्करोग कापून काढला म्हणजे संकट टळलें, असें घरच्या मंडळींस वाटतें. शल्यचिकित्सकाची एक मोठी काळजी मात्र तेथूनच सुरू होते. २९ जानेवारी १८८१ रोजीं व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोथ यांनीं जठराचा रोगग्रस्त भाग काढून उरलेलें जठर आंतड्यास यशस्वीपणें जोडलें. ती रोगी स्त्री शस्त्रक्रियेंतून वांचली. परंतु सुमारें चार महिन्यांनीं त्याच रोगानें दगावली. हा सांधा आजहि नाजूक जागा आहे. तो पाझरूं लागला तर पोटांत पू होतो, आणि बाहेरचीं लक्षणें कित्येकदां उशिरां दिसतात.

आंतली वार्ता आधीं कळविणारा एक दूत रक्तांत असतो. त्याचें नांव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत टिलेट व फ्रान्सिस यांना तें न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत आढळलें. शरीरांत दाह झाला कीं यकृत तें तयार करतें. शस्त्रक्रिया हीहि जखमच; म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्याचें प्रमाण चढतें, आणि सर्व सुरळीत असेल तर पुढें उतरतें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं तें लिटरमागें सुमारें १५० मिलिग्रॅमच्या वर राहिलें तर डॉक्टर सावध होतात. अंक चढला म्हणजे सांधा सुटलाच असें नव्हे. फुप्फुसाचा दाहहि त्यास कारण असूं शकतो. उतरलेल्या अंकाचा दिलासा मात्र अधिक भरंवशाचा.

शस्त्रक्रियेपूर्वींचें रक्तहि बोलतें. जपानच्या ओनोदेरा यांनीं १९८४ सालीं अल्ब्युमिन व लिंफोसाइट पेशी यांवरून पोषणाचा एक अंक बसविला. तो कमी असेल तर गुंतागुंतीचा संभव वाढतो; म्हणून आधीं आहार सुधारणें हाहि उपचारच होय.

सेनगांव वा औंढा नागनाथकडचा शेतकरी परळच्या, १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत जातो, तेव्हां सोबतचा मुलगा रोज मुक्कामाचा खर्च आणि खोळंबलेलें पीक यांचा हिशेब करीत असतो. पांचव्या दिवशीं बाप म्हणतो, "आतां बरं वाटायलंय, घरीं चल." अशा वेळीं मुलानें डॉक्टरांस दोन गोष्टी विचाराव्या : रक्तांतील अंक उतरत आहे काय? आणि घरीं ताप आला तर हिंगोलीस थांबावें कीं थेट नांदेड गांठावें? या दोन उत्तरांवांचून गाडींत बसूं नये. पीक पुढल्या हंगामांत पुन्हां येतें.