बहुमताची हद्द



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्यावर बोलावं अशी अपेक्षा असते. पण बहुमताची हद्द कुठे संपते, हा लोकशाहीतला अवघड प्रश्न मिरा-भाईंदर या शहराने गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा देशापुढे आणला. त्याला बगल देऊन इथे कथा-कवितेवर बोलणं मला पटत नाही.

सप्टेंबर 2015. जैनांच्या पर्युषण पर्वात आठ दिवस कत्तल आणि मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय इथल्या महापालिकेने घेतला. शेजारी मुंबईत बंदी चार दिवसांची होती. तिथले मटण विक्रेते उच्च न्यायालयात गेले. मासळी चालते तर मटण का नाही, असा प्रश्न निघाला तेव्हा सरकारी बाजूने उत्तर आलं की मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्याची कत्तल होत नाही. मुंबईतल्या 17 सप्टेंबरच्या विक्रीबंदीला न्यायालयाने स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. मात्र याच सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये अहमदाबादच्या कत्तलखान्यांची पर्युषणातली नऊ दिवसांची बंदी वैध ठरवली होती. थोड्या दिवसांसाठी शेजाऱ्याच्या भावनेचा मान राखायला हरकत नाही, असा त्या निकालाचा आशय. तेव्हा कायदा सरळ एकाच बाजूला उभा आहे, असं मी म्हणणार नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळा भाग. जैन समाजाला जानेवारी 2014 मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. भाईंदरच्या काही वस्त्यांत मात्र त्याच समाजाचा शब्द चालतो. म्हणजे देशाच्या नकाशावर जो थोडा, तो वॉर्डात मोठा. बंदीची झळ बसली ती रोजच्या विक्रीवर घर चालवणाऱ्या खाटकाला. त्याची बाजू सभागृहात कोण मांडणार होतं? आठ दिवस गल्ला रिकामा राहिला तरी गाळ्याचं भाडं थांबत नाही, कामावरच्या पोराची मजुरी थांबत नाही. जैन कुटुंबाने उपवास करावा, पर्व पाळावं, त्याच्या मंदिराच्या दारात कुणी गोंगाट करू नये. यासाठी मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण उपवास ज्याचा, त्याग त्याचाच असला पाहिजे. दुसऱ्याच्या कमाईतून तो करता येत नाही.

6 मे 1945 रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहुमताच्या हद्दीचा हाच प्रश्न मुळापासून तपासला. राजकीय बहुमत घडतं आणि मोडतं. जन्माने ठरलेलं बहुमत कधी हलत नाही, आणि त्याच्या हाती कायमची सत्ता देणं अन्यायाचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणूनच देशात संख्येने अर्ध्याहून अधिक असलेल्या हिंदूंना केंद्रीय कायदेमंडळात 40 टक्क्यांवर जागा नकोत, अशी योजना त्यांनी मांडली. ती प्रत्यक्षात आली नाही. पण त्यामागची कसोटी आजही खरी आहे, फक्त ती एकाच धर्माला लावून थांबता येत नाही. जिथे जिथे जन्माचं बहुमत तयार होतं, तिथे तिथे ती लावावी लागते, मग ते एखाद्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतलं का असेना. ‘मांसाहार करणाऱ्याला फ्लॅट नाही’ हेही हात वर करूनच ठरतं.

धर्म लोकशाहीच्या आड येतो, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनीच बौद्ध भिक्खू संघाचा दाखला दिला होता: ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, सगळं तिथे होतं. जैनांचा अनेकान्तवाद सांगतो की सत्याची एकच बाजू पाहणाऱ्याला सत्य पुरतं दिसत नाही. कुराणात शूरा, म्हणजे सल्लामसलत, सांगितली आहे. कॅथलिक चर्चने 7 डिसेंबर 1965 रोजी व्हॅटिकन परिषदेत धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क मानला. शतकानुशतकांची भूमिका बदलायला मोठं धैर्य लागलं असणार. खाडीपलीकडच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, तरी मराठी वाचक त्यांच्या पाठीशी राहिला.

अडचण येते ती धर्मपीठावरून मत मागितलं जातं तेव्हा. 2017 च्या इथल्या महापालिका निवडणुकीत एका जैन मुनींच्या आवाहनावरून तक्रार निवडणूक आयोगापर्यंत गेली. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला होता की धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, मग तो धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा. प्रकरण सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीचं, आपल्याच परिसरातलं.

हद्द प्रशासनालाही असते. जानेवारी 2024 मध्ये इथे मिरा रोडला हिंसाचार झाला आणि पाठोपाठ नया नगर भागात बुलडोझर फिरले. अतिक्रमणं हटवली, असं प्रशासनाचं म्हणणं. दंगल करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, पण ती न्यायालयाने द्यावी. गुन्हा सिद्ध होण्याआधी एका वस्तीत पत्रे पाडले गेले, हे मी योग्य मानत नाही.

आता आपल्या, मराठी माणसांच्या, वाट्याचं बोलतो. 2025 मध्ये याच शहरात मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, त्याविरुद्ध व्यापारी रस्त्यावर आले आणि त्यांना उत्तर म्हणून मराठीसाठी मोर्चा निघाला. मराठीचा आग्रह मी धरतो, धरतच राहीन. या राज्यात तो रास्त आहे. पण बेळगाव आठवा. 2005 मध्ये तिथल्या महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव बहुमताने केला आणि कर्नाटक सरकारने ती महापालिकाच बरखास्त केली. तिथला मराठी माणूस आज मराठी शाळा मागतो ती राज्यघटनेच्या 29, 30 आणि 350 अ या कलमांच्या आधारावर. भाषिक अल्पसंख्याकांचं हे संरक्षण बेळगावात हवं असेल, तर मिरा रोडच्या दुकानदाराच्या गालावर हात उचलता येणार नाही.

म्हणून या व्यासपीठावरून नगरसेवकांना आणि सोसायट्यांच्या कार्यकारिणींना माझी विनंती आहे. कुणाचा धंदा, कुणाचं घर किंवा कुणाची भाषा अडणार असेल असा ठराव आणण्याआधी त्या माणसाला सभेत बोलवा, त्याचं म्हणणं ऐका आणि ते इतिवृत्तात त्याच्याच शब्दांत नोंदवा. आणि लेखकांनो, उत्तनच्या कोळणीची, नया नगरातल्या कारागिराची, भाईंदरच्या जैन आजींची गोष्ट आपल्या मराठीत अजून फार थोडी आली आहे. ती लिहा.