बाया कर्वे : घराचे दार उघडे ठेवणारी गृहिणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे चरित्र आपल्या घराघरांत परिचित आहे. त्यांच्या पाठीशी सत्तावन्न वर्षे उभ्या राहिलेल्या आनंदीबाईंविषयी, म्हणजे सर्वांच्या बायांविषयी, मात्र आपण फारसे बोलत नाही. आज त्यांचे पुण्यस्मरण करावे, असे मी योजिले आहे. परंतु हे स्मरण निव्वळ गौरवाचे होऊ शकत नाही. त्यात आपल्या ज्ञातीच्या नावावर एक ऋण निघते.

बायांचे माहेर देवरूखच्या जोशांचे, नाव गोदावरी. आठव्या वर्षी माखजनच्या नातूंच्या घरी त्यांचे लग्न झाले आणि तीन महिन्यांतच वैधव्य आले. नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तो गेला. त्यापुढील सारे तारुण्य त्यांनी सासरच्या कष्टांत काढले. अखेर बंधू नरहरपंत यांनी त्यांना मुंबईस नेले. 11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी आपल्या गोदूबाईच होत. घरी मूल सांभाळण्याच्या वयात त्यांनी अक्षरे गिरविली.

बरोबर चार वर्षांनी, 11 मार्च 1893 रोजी, पुण्यात त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. विधवाविवाहाचा कायदा होऊन तोपर्यंत सदतीस वर्षे उलटली होती. पण कायदा होता 1856 सालचा आणि सत्ता होती ज्ञातीची. मुरूडच्या मंडळींनी बहिष्काराचा ठराव केला. ज्या घरात कर्वे उतरतील ते घर वाळीत, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्ष आईच्या घरी मुलाला मुक्काम करता येईना. बंधुभगिनींनो, हा ठराव करणारे कोणी परके नव्हते. ते आपल्याच आजोबा-पणजोबांच्या पिढीतले, देवधर्म करणारे, चारचौघांत सज्जन म्हणविणारे लोक होते.

मग या बाईने काय केले? ज्यांनी दारे लावली, त्यांच्या नावाने बोटे मोडीत त्या बसल्या नाहीत. त्यांनी स्वतःचे दार उघडे ठेवले. सवतीचा मुलगा रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. पुढे शंकर, दिनकर आणि भास्कर झाले. चौघांचा त्यांनी सांभाळ केला. धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विधवा झाली, तेव्हा तिलाही आधार मिळाला तो या वाळीत पडलेल्या घराचाच. त्याच पार्वतीबाईंनी पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागितली आणि त्याच कामासाठी अमेरिकाही गाठली. एका घरात मिळालेली ऊब किती दूरवर पोहोचते, त्याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

1896 साली अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला आणि 1900 साली तो हिंगण्याच्या माळावर गेला. अण्णा दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत आणि संध्याकाळी पायी हिंगण्यास जाऊन पहाटे परतत. मिळकतीचा मोठा वाटा आश्रमाकडे जाई. घरात उरेल त्यात मुलांची पोटे भरणे, हे बायांचे काम. त्यांनी ते मुकाट्याने केले, असे मात्र कोणी समजू नये. त्या भांडत. पैशांवरून झालेले रुसवेफुगवे त्यांनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहेत. सून कावेरीबाई कर्वे यांनी संपादिलेले ते पुस्तक 1944 साली प्रसिद्ध झाले. त्यागाची किंमत घरातल्या बाईला किती मोजावी लागते, हे त्यातून कळते. म्हणूनच मला त्यांची माया अधिक खरी वाटते. भांडूनही त्यांनी अण्णांचे काम कधी अडविले नाही.

1950 साली, पंच्याऐंशीच्या घरात, त्यांनी देह ठेवला. अण्णांना 1958 साली ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला. तो सोहळा पाहण्यास बाया नव्हत्या.

आज आपण त्यांची नावे अभिमानाने घेतो आणि त्यांना आपल्या ज्ञातीची भूषणे म्हणतो. तो अधिकार आपल्याला आपोआप प्राप्त होत नाही. ज्यांना आपण पंक्तीतून उठविले, त्यांच्या कीर्तीच्या पंक्तीत बसावयाचे असेल, तर आधी पूर्वजांची चूक उघडपणे पदरात घेतली पाहिजे. आणि मग प्रत्येकाने आपापल्या घराकडे पाहावे. लग्नाच्या निमित्ताने दुरावलेली लेक, मंगलकार्यात मागच्या खोलीत बसविलेली विधवा आत्या, ज्याचे नाव घरात कोणी काढीत नाही असा एखादा भाऊ : असे एक तरी माणूस पुष्कळ घरांत असते. या वर्षी त्यांपैकी एकाला आपण पत्र धाडावे, सणाला बोलवावे आणि आपल्या शेजारी पाटावर बसवावे.

बायांचे याहून खरे श्राद्ध मला दिसत नाही.